‘रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा’ खोडल्यावर

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून वॉर्डात 9 वर्षं काढल्यावर नर्सिंगच्या पदवीला, पोस्ट बेसिक बीएस्सीला, बसले. पहिल्याच असाइनमेंटचा विषय होता ‘माझं परिचर्येचं तत्त्वज्ञान’. एका संध्याकाळी दोन पानं भरली: रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा, करुणा, समर्पण आणि शेवटी नाइटिंगेलची शपथ. (ती शपथ नाइटिंगेलबाईंनी लिहिलेलीच नाही. 1893 मध्ये अमेरिकेत त्यांच्या नावानं तयार झाली. लॅम्प लायटिंगला, म्हणजे नर्सिंगच्या विद्यार्थिनींच्या दीपप्रज्वलन समारंभात, डोळ्यांत पाणी आणून म्हटली होती, तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.)

मॅडमनी समासात लिहिलं, ‘हे कुणीही लिहील.’

राग आला. मग पुस्तकं उघडून व्यक्ती, परिसर, आरोग्य, परिचर्या अशा चार मथळ्यांखाली दुसरा खर्डा केला. तो वाचून मॅडम म्हणाल्या, “छान. आता सांगा, वॉर्डात तुमचं काय चुकलं होतं?”

मला लगेच वॉर्डातले एक पेशंट आठवले, आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. अर्धांगवायूनं डावी बाजू गेलेली, उजवा हात शाबूत. इव्हिनिंग ड्युटीला 38 पेशंट आणि आम्ही दोघी. गिळायला त्रास नव्हता, म्हणून त्यांना टेकून बसवायचं आणि भराभर भरवून पुढच्या बेडला जायचं, असा माझा क्रम. एक दिवस त्यांनी तोंडच उघडेना. मी म्हटलं, “बाबा, मला बाकीचेही बघायचेत.” ते म्हणाले, “मग बघा की सिस्टर. माझं मला खाऊ द्या.” चमचा हातात दिला. अर्धी खिचडी चादरीवर सांडली, वीस मिनिटं गेली आणि मी त्यांच्यावर ओरडले. चादर मावशींनी बदलली, तीही कुरकुरत. दुसऱ्या दिवसापासून बाबा गपचूप तोंड उघडायचे. चार्टवर मी ‘आहार व्यवस्थित’ लिहायचे.

परिचर्येच्या सिद्धांतकार व्हर्जिनिया हेंडरसन यांनी सांगितलेल्या माणसाच्या 14 मूलभूत गरजा परीक्षेसाठी पाठ केल्या होत्या. खाणंपिणं त्यात दुसरं. पण त्यांच्या परिचर्येच्या व्याख्येतला शेवटचा भाग कधी नीट वाचलाच नव्हता. ताकद, इच्छा आणि माहिती असती तर माणसानं जे स्वतःच केलं असतं, त्यात नर्सनं मदत करायची, आणि तीही अशी, की तो लवकरात लवकर आपल्या पायावर उभा राहावा. बाबांकडे इच्छा होती. ती मीच घड्याळ बघत काढून घेतली होती.

तिसरा खर्डा एका पानात बसला. प्रत्येक वाक्यापुढं ‘उद्याच्या ड्युटीला हे कसं दिसेल?’ असं पेन्सिलीनं लिहायचं. उत्तर नसेल तर वाक्य खोडायचं. ‘समर्पण’ गेलं. ‘करुणा’ खोडताना जीवावर आलं, पण गेली. उरलं ते असं: पेशंटला जे जमतं ते मी त्याच्या हातून काढून घेणार नाही. आधी विचारेन, मग हात लावेन. वेळ कमी पडला तर तो कमी पडला असंच लिहीन, ‘व्यवस्थित’ नाही.

मॅडमनी विचारलं, “38 पेशंटना हे जमेल?” मी म्हटलं, नाही जमणार. तेही लिहा, म्हणाल्या.

आता हँडओव्हरला, म्हणजे पुढच्या ड्युटीच्या नर्सला पेशंट सोपवताना, मी ‘उजव्या हातानं स्वतः खातात, ताट उजवीकडे ठेवा’ असं सांगते. इंटर्न हसतात. परवाच एका आजींना घाईत भरवलं. हँडओव्हरमध्ये तेही सांगितलं.