रवा बारीकच आण

लहानपणी आई दुकानात पाठवायची तेव्हा नुसतं "रवा आण" असं कधीच म्हणायची नाही. "अर्धा किलो रवा, बारीक, लाडवाला हवाय, उपम्याचा जाड नको, बारीक नसला तर तसाच परत ये, दुसरं काही उचलून आणू नकोस." मी जाम वैतागायचो. आता कळतंय की एआयला अशी सूचना दिली की तिला प्रॉम्प्ट म्हणतात आणि लोक त्याचे कोर्स विकतात.

झालं काय, मी सोसायटीचा सेक्रेटरी (मीटिंगला उशिरा पोचलो म्हणून झालो, असो) आणि टाकी धुवायची नोटीस काढायची होती. एआयला टाइप केलं, "पाण्याच्या टाकीची नोटीस लिही". आलं काय तर "आदरणीय सभासदगण, पाणी हेच जीवन आहे हे आपण जाणताच", पुढे तीन परिच्छेद तसलेच, आणि रविवारी सकाळी १० ते २ ही वेळ त्यानेच परस्पर ठरवून टाकलेली! त्याचं तरी काय चुकलं म्हणा, पुढे कुठला शब्द शोभेल ह्या अंदाजानेच ते लिहितं, मी जागा रिकामी सोडली, त्याने बरं दिसेल ते बसवलं.

मग आईसारखं लिहिलं. बी विंग, वरची टाकी, गुरुवारी ११ ते ४ पाणी बंद, आदल्या रात्री भरून ठेवा, पाच ओळी, आजी-आजोबा वाचतात तर साधी मराठी, माहीत नसेल ते मला विचार, मनाचं घालू नकोस. आणि खाली गेल्या वर्षीची नोटीस चिकटवली, की अशी हवी. हे नमुन्याचं प्रकरण खरंच चालतं, जीपीटी-३ नावाच्या एआय मॉडेलवरच्या २०२० च्या शोधनिबंधाचा मुद्दाच तो होता, दोन-चार उदाहरणं समोर ठेवली की मॉडेल तो साचा उचलतं. फक्त जुन्या नोटिशीत "लिफ्टही बंद राहील" अशी ओळ होती, तीही बिचाऱ्याने इमानदारीत उचलली.

टँकरचा हिशोब करताना अजून एक गंमत आठवली. २०२२ मध्ये टोकियो विद्यापीठ आणि गूगलच्या संशोधकांनी एआयला दिलेल्या प्रश्नापुढे "चला, टप्प्याटप्प्याने विचार करू" एवढंच जोडलं, आणि गणितांच्या एका संचात बरोबर उत्तरं १७.७ टक्क्यांवरून ७८.७ वर गेली. आमच्या बाई हेच ओरडायच्या, पायऱ्या लिहा रे, पायऱ्यांना मार्क आहेत! आताची बरीच मॉडेलं न सांगताच पायऱ्या करतात म्हणे, आम्ही कधी केल्या नाहीत.

खरी गोची आपल्या सवयीची आहे. घरात आपण "ते हे" वर जगतो. बायको आतून ओरडते, "अरे ते हे त्याच्यावर ठेवलंय बघ" आणि मी सरळ फ्रिजवरून लाइटबिल काढून देतो, त्यात अठरा वर्षांचा संसार आहे, ते मशीनला कुठून असणार?

परवा आईला फोनवर बोलून टाइप कसं करायचं ते दाखवलं. म्हटलं, विचार काहीही. तिने चष्मा नीट केला आणि फोन तोंडाशी धरून सुरू झाली, "हे बघ बाळा, रव्याचे लाडू करायचेत, मोजून वीस, ह्यांचे दात गेलेत तर मऊ हवेत, खवा घरात नाही, प्रमाण वाटीत सांग, ग्रॅमबिम नको, आणि पाक कसा करायचा ते मला शिकवू नकोस."