फॉस्फेट अखेर टिकलं, सार्कोनं कात टाकली. वाळूवरचे डायनो मात्र तसेच

आज सकाळी माझ्या समुद्री प्रवाळांच्या टँकचे दिवे लागायच्या आधी फॉस्फेट मोजणाऱ्या हॅना चेकरवर 0.06 पीपीएम आलं. क्युव्हेट (नमुन्याची काचेची बाटली) पुसून, आतले बुडबुडे टिचकी मारून काढून पुन्हा मोजलं, तरी तेवढंच. काल रात्रीच्या डोसनंतर 0.09 होतं. चेकरची ±0.02 ची चूक धरली तरी रात्रभरात फॉस्फेट गडप झालेलं नाही! मागच्या नोंदी ज्यांनी वाचल्यात त्यांना या आकड्याची किंमत सांगायला नको: आजवर संध्याकाळी दिलेलं फॉस्फेट सकाळपर्यंत शून्यावर यायचं.

सेटअप तोच. निव्वळ पाणी साधारण 200 लिटर, सगळा ड्राय रॉक (कोरडा, निर्जीव दगड), सगळे सॉफ्ट म्हणजे मऊ कोरल. हार्ड कोरल नाहीत आणि येणारही नाहीत. रीफ बांधणारी सगळी प्रवाळं 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल 1 मध्ये आहेत, आणि 'कागद आहेत हो' म्हणत ॲक्रोपोरा या हार्ड कोरलची फांदी पुढे करणाऱ्या दुकानातून मी मीठसुद्धा घेत नाही.

तर दुखणं असं होतं. सार्को (छत्रीसारखा मऊ कोरल) मिटलेला, टोपीवर मेणचट चकाकी. झोआ (झोआंथिड, बटणांसारखे पॉलिप) बंद, त्यांच्यावर तपकिरी शेंबडासारख्या तारा आणि तारांच्या टोकाला हवेचे बुडबुडे. केनिया ट्री हा झाडासारखा मऊ कोरलही मान टाकून. क्षारता 35 पीपीटी, अल्कलिनिटी 8 डीकेएच, चिलरच्या कृपेनं ऑक्टोबरच्या उकाड्यातही पाणी 26 अंशांवर. सगळं पुस्तकी. फक्त नायट्रेट शून्य आणि फॉस्फेटही शून्य. आपल्याकडे अजून बरेच जण हे दोन शून्य आले की पेढे वाटतात. मला ते मुळीच पटत नाही. कोरलच्या पेशींमधल्या झुझँथेलींना (कोरलला अन्न पुरवणाऱ्या सूक्ष्म शैवालाला) नायट्रोजन-फॉस्फरस लागतोच. वरून भरपूर प्रकाश आणि खाली उपासमार, यात कोरल खंगतं आणि डायनोंचं (डायनोफ्लॅजेलेट, तपकिरी थर करणारे एकपेशीय जीव) फावतं. ओहोटीला हाजी अलीच्या खडकांवर जाऊन बघा, आपल्या मुंबईचे झोआंथिड किती गढूळ, पोषकद्रव्यांनी भरलेल्या पाण्यात पसरलेत. टँकमधल्या जाती वेगळ्या, मान्य. पण शून्य हे आरोग्याचं लक्षण नाही एवढं त्यातून नक्की कळतं.

नायट्रेट लवकर मार्गी लागलं. पोटॅशियम नायट्रेटचा डोस दिला, 5 पीपीएमवर आलं आणि तिथंच राहिलं. फॉस्फेटनं मात्र जीव खाल्ला. संध्याकाळी 0.1 पर्यंत न्यावं, सकाळी 0.00. पुन्हा द्यावं, पुन्हा 0.00. कुणी म्हणालं डोस चुकतोय, कुणी म्हणालं रीएजंट जुनं झालंय, आणि 'पाणी बदला' तर प्रत्येकानंच सांगितलं. पाणी बदललं तर जे थोडंफार साठतंय तेही निघून जाणार, म्हणून ते मी ठामपणे थांबवलं होतं.

खरा प्रकार असा की ड्राय रॉक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि फॉस्फेट त्याच्या पृष्ठभागाला जाऊन चिकटतं. नव्या प्लास्टरची भिंत रंगाचा पहिला हात पिऊन टाकते ना, तसं. दगड आणि वाळूचं पोट भरून पाण्याशी समतोल साधेपर्यंत पाण्यात काही उरतच नाही. त्यामुळे 'डोसचा उपयोग होत नाही' हा निष्कर्षच चूक. डोस दगडात जमा होत असतो. चिकाटीनं देत राहणं हाच उपाय.

ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी हिशेब: मोनोपोटॅशियम फॉस्फेट 1.43 ग्रॅम, आरओ-डीआय (गाळून शुद्ध केलेल्या) पाण्यात विरघळवून एक लिटर. यात दर मिलिलिटरला 1 मिलिग्रॅम फॉस्फेट येतं, म्हणजे 200 लिटरला 20 मिलिलिटरनं 0.1 वाढतं. सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या खालच्या टाकीत), हळूहळू. नाशिकच्या द्राक्षबागांत जातात त्या 0:52:34 आणि 13:0:45 च्या पिशव्या म्हणजे हेच दोन क्षार, पण रीफसाठी लॅब ग्रेडच घ्या. प्रिन्सेस स्ट्रीटला छोटी बाटली मिळते आणि ती वर्षानुवर्षं पुरते.

आता आनंदाची गोष्ट. सार्कोवरची ती मेणचट साल परवा एका कडेनं सुटायला लागली. वेव्हमेकरचा झोत थोडा तिकडे वळवला, तर ओल्या टिश्यूसारखी पातळ पापुद्र्यांनी निघाली. खालची कातडी स्वच्छ, फिकट बदामी. आज कडेच्या पॉलिपांची एक रांग बाहेर आहे, अगदी बारीक, पण आठही हात पसरलेले. झोआंपैकी हिरव्या वसाहतीची निम्मी तोंडं उघडली. केनिया ट्री अजून रुसलेलाच.

वाळूवरचे डायनो मात्र हटत नाहीत. मित्राचा यूव्ही (पाण्यातले जीव मारणारा अतिनील दिवा) आणून लावायचं ठरलं होतं, ते रद्द. पिपेटनं वाळूवरचा थर उचलून 400 पटीत पाहिला. थेंबाच्या आकाराचे, धाग्याला बांधल्यासारखे जागेवर गरगरणारे असते तर ऑस्ट्रिओप्सिस म्हटलं असतं. ते रात्री पाण्यात उतरतात आणि यूव्हीत सापडतात. माझे लंबगोल, पुढे चोचीसारखं टोक, सरळ सरकत जाणारे. ॲम्फिडिनियम. हे रात्री वाळूतच दडतात, यूव्हीपर्यंत येतच नाहीत. मायक्रोस्कोप साधा शाळकरी चालतो; तो नसताना डायनोंवर महागड्या बाटल्या ओतू नका. गोगलगाई पटापट मेल्यात, म्हणून डायनोंचं विष शोषायला कार्बन चालू ठेवलाय.

पुढचा बेत वॉटर ग्लासचा होता: सोडियम सिलिकेट देऊन डायटम (सिलिकावर वाढणारं सूक्ष्म शैवाल) वाढवायचे आणि त्यांच्याकरवी डायनोंची जागा बळकवायची. पण लिहिता लिहिता लक्षात येतंय की ड्राय रॉकच्या टँकमध्ये डायटमचं बियाणंच मुळात तुटपुंजं. सिलिका खाणार कोण? म्हणजे क्रम उलटा हवा. आधी एखाद्या जुन्या टँकमधली जिवंत वाळू, ती जरा रुळली की मग सिलिका. दादर-जुहूची वाळू कृपया सुचवू नका, ते पाणी मला टँकमध्ये नको.

तेव्हा दादर ते ठाण्यादरम्यान कुणाचा जुना टँक असेल, कॉपर (तांब्याचं औषध) कधीही न पडलेला आणि डायनो नसलेला, तर एक वाटी वाळू हवी आहे. वरचा थरच द्या, डबा मी घेऊन येईन. तोवर फॉस्फेट 0.05 च्या खाली जाऊ द्यायचं नाही आणि फोटोपिरियड (दिवे चालू राहण्याचे तास) आहे तेवढाच ठेवायचा. डायनो मारायला तीन दिवस अंधार करण्याचा विचारही सोडला. सार्को आत्ता कुठे उघडतोय.