ग्रह सापडला, पण त्या ताऱ्याच्या शेजारी कोण? कालार आल्तोच्या डोंगरावरची रात्र

दक्षिण स्पेनमधल्या आल्मेरियाहून निघालं की आधी ताबेर्नासचं वाळवंट लागतं, उघडेबोडके डोंगर आणि कोरडे ओढे, आणि मग हेर्गाल गाव मागे पडलं की रस्ता जो चढायला लागतो तो वळणं घेत घेत थेट सिएरा दे लोस फिलाब्रेसच्या माथ्यावरच सोडतो. कालार आल्तो वेधशाळा, उंची २१६८ मीटर. मोठ्या दुर्बिणीचा पांढरा डोम खालूनच दिसत असतो, पण जवळ गेल्यावर त्याचा आकार बघून मान वर करून नुसतं उभं राहावंसं वाटतं. आम्हाला मात्र त्याच्यात जायचं नव्हतं, आमचं काम होतं शेजारच्या २.२ मीटरच्या दुर्बिणीत. हिचं जुळं भावंड चिलीत ला सियाला आहे, एकाच प्रोजेक्टमधून दोघी बनल्या आणि एक उत्तर गोलार्धात राहिली, दुसरी दक्षिणेत गेली.

मी इथे आले ती मैत्रिणीमुळे. ती एक्सोप्लॅनेटवर, म्हणजे सूर्याखेरीज इतर ताऱ्यांच्या ग्रहांवर, काम करते, पण ग्रह शोधत नाही, ज्या ताऱ्यांभोवती ग्रह सापडलेत किंवा सापडल्यासारखे वाटतायत त्या ताऱ्यांना कुणी जोडीदार तारा आहे का ते शोधते. लोकांना हे दुय्यम काम वाटतं. मला तर वाटतं की हे केल्याशिवाय ग्रह सापडला असं म्हणायलाच नको. का ते सांगते.

केपलर आणि टेस या ग्रह शोधणाऱ्या अंतराळ दुर्बिणी. केपलरचा एक पिक्सेल होता साधारण ४ आर्कसेकंदांचा (आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग), टेसचा तर २१. आता एवढ्या मोठ्या चौकोनात एक तारा आहे की तीन आहेत हे त्या कॅमेऱ्याला कळतच नाही, सगळ्यांचा प्रकाश एकत्र मोजला जातो. समजा प्रकाश १ टक्क्याने कमी झाला, आपण म्हणतो ग्रह ताऱ्यासमोरून गेला आणि त्यावरून ग्रहाचा आकार काढतो. पण तिथे सारख्याच तेजाचे दोन तारे चिकटून असतील तर ज्याच्यासमोरून ग्रह गेला त्याचा प्रकाश खरं तर २ टक्क्यांनी कमी झाला, म्हणजे ग्रहाची त्रिज्या आपण समजत होतो त्याच्या १.४१ पट, आकारमान जवळजवळ २.८ पट, आणि वस्तुमान तेच धरलं तर घनता एकदम तिसऱ्या हिश्श्यावर. ज्याला खडकाळ पृथ्वी म्हणून आपण नाचत होतो तो वायूचा गोळा निघू शकतो! आणि याहून वाईट म्हणजे ग्रहच नसतो. मुख्य ताऱ्याहून ५ मॅग्निट्यूड मंद, म्हणजे शंभरपट मंद असा एखादा तारा मागे असेल आणि तो स्वतःच ग्रहणकारी जोडतारा, म्हणजे एकमेकांना झाकणाऱ्या दोन ताऱ्यांची जोडी असेल, त्याचा प्रकाश अर्धा झाला तरी एकूण बेरजेत फक्त अर्ध्या टक्क्याची घट दिसते, हुबेहूब ग्रहासारखी.

संध्याकाळी डोम उघडला. इथे डोंगरावर अंधार पडला की गाड्यांचे हेडलाइट लावत नाहीत, चालताना हातात लाल टॉर्च, आणि कंट्रोल रूमच्या खिडक्या पूर्ण झाकलेल्या. आत चार-पाच स्क्रीन, एकावर हवामान, एकावर दुर्बिणीची स्थिती, एकावर टार्गेटची यादी, आणि एकावर अॅस्ट्रालक्स कॅमेऱ्यातून येणारं लाइव्ह चित्र. हे लाइव्ह चित्र मी जन्मभर विसरणार नाही. आपल्याला वाटतं तारा म्हणजे एक ठिपका. तिथे ठिपका नव्हताच, एक फेसाळलेला पुंजका होता, तो फुटायचा, सरकायचा, दोन तुकडे व्हायचे, सहा व्हायचे, मधेच एका क्षणासाठी सगळा गोळा होऊन टोकदार बिंदू दिसायचा आणि परत विस्कटायचा. वाहत्या पाण्यातून तळाचा दगड बघताना होतं तसंच, फक्त इथे पाणी म्हणजे आपल्या डोक्यावरची हवा.

"तो मधला क्षण आहे ना, तोच हवाय मला, बाकीचे गेले तरी चालतील," मैत्रीण म्हणाली.

यालाच लकी इमेजिंग म्हणतात. डेव्हिड फ्राइड यांनी १९७८ मध्ये गणित करून दाखवलं होतं की अगदी छोट्या एक्स्पोजरमध्ये हवा अधूनमधून नशिबाने शांत सापडते, आणि दुर्बीण किती मोठी आणि हवा किती खवळलेली यावर ती शक्यता ठरते. त्यामुळे करायचं काय, तर एकेक फ्रेम काही डझन मिलिसेकंदांची घ्यायची, अशा हजारो फ्रेम, मग कॉम्प्युटर प्रत्येक फ्रेमला धारदारपणाप्रमाणे नंबर देतो, वरच्या १ टक्का किंवा १० टक्के ठेवतो, त्यातला सगळ्यात तेजस्वी ठिपका एकावर एक जुळवतो आणि बेरीज करतो. बाकीचा ढीग बाजूला. इतक्या छोट्या एक्स्पोजरला साधा सीसीडी, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप, चालत नाही, त्याचा स्वतःचा नॉइजच सिग्नल खाऊन टाकतो, म्हणून इलेक्ट्रॉन मल्टिप्लाय करणारा सीसीडी लागतो. आणि फिल्टर लालच्या पलीकडचे, कारण तिकडे हवेचा त्रास कमी आणि आपण जे शोधतोय ते बहुतेक लाल बटू, म्हणजे छोटे आणि थंड तारेच असतात, ते तिथेच जास्त चमकतात. २.२ मीटरच्या दुर्बिणीची मर्यादा त्या रंगात ०.०९ आर्कसेकंदाच्या आसपास येते. जमिनीवरून, अंतराळात न जाता!

आणि ते सगळं डोळ्यांसमोर होत होतं. डावीकडे तो खदखदणारा पुंजका आणि उजवीकडे हळूहळू बेरीज होत जाणारं चित्र, दर थोड्या वेळाने ताजं होणारं, आणि त्यात ताऱ्याच्या आजूबाजूची धूसर प्रभा आकसत आकसत मध्यभागी गोळा होत होती. सुरुवातीचे बरेच तारे एकटेच निघाले. मला वाईट वाटलं तर मैत्रीण म्हणाली, अगं एकटा निघाला हीच तर चांगली बातमी, याचा ग्रह आता जास्त विश्वासाचा झाला. याच कॅमेऱ्याने याच डोंगरावरून २०१२ मध्ये आलेल्या एका कामात केपलरचे ९८ संभाव्य ग्रहवाले तारे तपासले होते, तेव्हा त्यातल्या जवळजवळ ४२ टक्के ताऱ्यांना ६ आर्कसेकंदांच्या आत कुणी ना कुणी दिसलं होतं. सगळे खरे जोडीदार नव्हेत हं, काही नुसते दृष्टिरेषेत आलेले. पण प्रकाशाची भेसळ तर तेही करतातच.

दोन एक्स्पोजरच्या मधे मी बाहेर जाऊन आले. हंस पश्चिमेला कलला होता आणि पूर्वेकडून सारथी वर आला होता, आणि मला जाणवलं की या कामातल्या किती गोष्टी त्या एका आकाशात पसरल्यात. हंसातला १६ सिग्नी, सूर्यासारखे दोन तारे ३९ आर्कसेकंदांवर, साध्या छोट्या दुर्बिणीतही वेगवेगळे दिसतात, त्यातल्या बी ताऱ्याचा ग्रह १९९६ मध्ये जाहीर झाला आणि त्याची कक्षा चांगलीच लांबुळकी निघाली. उत्तरेला वृषपर्व्यातला गॅमा सेफेई, त्याच्या ग्रहाची पहिली शंका १९८८ मध्ये म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला म्हणून गाजलेल्या ५१ पेगासीच्या ग्रहाच्या सात वर्षं आधीची, मग ती मागे घेतली गेली, शेवटी २००३ मध्ये ग्रह पक्का झाला. तिथला जोडीदार तारा फक्त २० एयूवर आहे (एक एयू म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर), म्हणजे आपल्या सूर्यमालेत युरेनसच्या जागी एक लाल बटू तारा ठेवल्यासारखं, आणि तरीही तिथे ग्रह टिकलाय. तो जोडीदार सुबारू दुर्बिणीतून थेट दिसला तो त्यानंतर. आणि सारथीतला वॉस्प-१२! त्याचा ग्रह एक दिवसाच्या जरा वर एवढ्या वेळात फेरी मारतो, हळूहळू ताऱ्यात कोसळतोय. लकी इमेजिंगने त्याच्यापासून १ आर्कसेकंदावर एक मंद तारा दाखवला, पुढे हवाईच्या केक दुर्बिणीतून बारकाईने बघितलं तर तो एक नव्हे दोन लाल बटू निघाले. तीन ताऱ्यांचं घर.

जोडीदार लांब असला तरी निष्क्रिय नसतो ही मला सगळ्यात भन्नाट वाटणारी गोष्ट. सप्तर्षीतला एचडी ८०६०६ घ्या. त्याच्या ग्रहाची कक्षा इतकी ताणलेली, उत्केंद्रता ०.९३ (० म्हणजे पूर्ण वर्तुळ, १ च्या जितकी जवळ तितकी लांबट), की १११ दिवसांच्या फेरीत तो ताऱ्यापासून ०.९ एयूच्या आसपास जातो आणि मग ०.०३ एयूपर्यंत खाली घसरतो. आणि हजाराहून जास्त एयूवर एक जोडीदार तारा शांत बसलेला. १९६२ च्या सुमारास लिडोव्ह आणि कोझाई यांनी वेगवेगळं दाखवलं होतं की दूरचा, कलत्या कक्षेतला सोबती आतल्या वस्तूची कक्षा लाखो वर्षांत हळूहळू ओढून लांबुळकी करू शकतो. म्हणजे ग्रह असा का वागतो याचं उत्तर ग्रहाकडे नाही, शेजाऱ्याकडे आहे. आता हा शेजारी आधीच माहीत होता म्हणून बरं, नाहीतर आपण आतल्या आतच कारणं शोधत बसलो असतो.

मध्यरात्रीनंतर हवा खूप छान झाली आणि एका ताऱ्याच्या बेरजेत, मध्यापासून अर्ध्या आर्कसेकंदावर, एक मंद गाठ दिसायला लागली. मला आधी कॅमेऱ्याचा दोष वाटला. पण फ्रेम निवडायचं प्रमाण १० टक्क्यांवरून १ टक्क्यावर आणलं तरी ती जागची हलली नाही, उलट आणखी टोकदार झाली, आणि दुसऱ्या फिल्टरमध्येही तिथेच. कंट्रोल रूममध्ये एकदम सगळे त्या स्क्रीनभोवती. मैत्रिणीने लगेच गाया या अंतराळ दुर्बिणीने बनवलेला ताऱ्यांचा कॅटलॉग उघडला. तिथे हा तारा एकटाच नोंदलेला होता पण त्याचा रुव्हे नावाचा आकडा १.४ च्या बराच वर, म्हणजे एक तारा धरून केलेलं गणित नीट बसत नाही असा इशारा. गाया लांबच्या जोड्यांसाठी अप्रतिम आहे, अंतर आणि गती दोन्ही जुळली की जोडी ठरली, घरबसल्या कुणीही करू शकतं. पण अर्ध्या आर्कसेकंदाच्या आत, त्यातून तेजात मोठा फरक असेल तर मंद तारा बहुतेक वेळा निसटतो, आणि तिथेच अशा कॅमेऱ्याची गरज पडते.

मी विचारलं, मग झालं ना, सापडला? ती म्हणाली, "नाही. आज फक्त दिसलाय, नातं कुठे ठरलंय अजून."

कारण तो कदाचित हजारो प्रकाशवर्षं मागे असलेला कुणी भलताच असेल. ग्रहाचा आकार मात्र आजच दुरुस्त करावा लागणार, प्रकाश मिसळतोय हे तर ठरलंच, पण खरा जोडीदार आहे का हे फक्त वेळ सांगणार. मुख्य तारा आकाशात वर्षाला ६० मिली-आर्कसेकंद सरकतो, या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ४७ चा, म्हणजे दोन वर्षांनी मुख्य तारा अडीच पिक्सेल पुढे गेलेला असेल. ती गाठ त्याच्याबरोबर गेली तर जोडी, मागेच राहिली तर पाहुणा. दुसऱ्या वेधासाठीचा प्रस्ताव तिने त्याच पहाटे लिहायला घेतला.