मांडवीवर १३ तास: रायबंदर–चोडण पट्ट्यातलं प्रवाहमापन

एडीसीपी म्हणजे ध्वनी सोडून पाण्याचा वेग मोजणारं यंत्र. ते होडीला बांधून गोव्यातली मांडवी नदी या काठापासून त्या काठापर्यंत फेऱ्या मारत मोजायची. त्या फेऱ्यांची रेघ फेरीबोटीच्या वाटेपासून वरच्या अंगाला, अंतर राखून धरली. पंख्याने पाण्यात बुडबुडे घुसळले की ध्वनी त्यांच्यावरच आपटून परततो आणि वरचे थर बाद होतात.

दिवस पौर्णिमेनंतरच्या उधाणाचा. भरती-सुकतीचं एक चक्र १२ तास २५ मिनिटांचं, म्हणून १३ तासांना पर्याय नाही. पण इथे लागोपाठच्या दोन भरत्या सारख्या नसतात. निव्वळ किती पाणी समुद्रात गेलं हे हवं असेल तर २५ तास काढा. तरी कोरड्या दिवसांत तो आकडा आत-बाहेर जाणाऱ्या पाण्यापुढे इतका किरकोळ असतो की २ टक्क्यांची चूकही त्याला गिळते.

तशी चूक हमखास क्षारतेतून येते. यंत्रात क्षारता ० (गोडं पाणी) ठेवून ३५ च्या, म्हणजे समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात मोजलं तर ध्वनीचा वेग सुमारे अडीच टक्क्यांनी कमी धरला जातो. खोली, होडीचा वेग, पाण्याचा वेग हे तिन्ही त्याच ध्वनीवर बेतलेले, त्यामुळे प्रवाहाच्या, म्हणजे दर सेकंदाला किती पाणी वाहिलं या आकड्यात चूक आणखी फुगते. दर तासाला क्षारता मोजाच.

१२०० किलोहर्ट्झचं यंत्र फायबरच्या होडीला ३० सेंमी बुडवून बांधलं. ५ मीटर पाण्यात वरचे साधारण ७० आणि तळाचे ३० सेंमी दिसतच नाहीत. पाचवा हिस्सा अंदाजाने भरावा लागतो. भर सुकतीत तळापासून वर वेग कसा वाढतो याचा १/६ घातांकाचा नेहमीचा नियम चालतो. पाणी वळताना मात्र तो फसतो. तांडेल ‘पाणी वळलं’ म्हणतो ते वरचं. तळाचं खारं पाणी त्याआधीच आत शिरू लागलेलं असतं. अशा फेऱ्यांत वरचा आणि तळाचा भाग वेगवेगळ्या नियमाने भरा.

जोरात सुकती असताना एका जागी १० मिनिटं थांबून तळ सरकतोय का ते तपासा. यंत्र तळ स्थिर धरून होडीचा वेग काढतं, त्यामुळे तळाचा गाळ वाहत असेल तर होडी उलटी, प्रवाहाविरुद्ध चालल्यासारखी दिसते आणि प्रवाह कमी भरतो. मग जीपीएसचा आधार घ्या, पण आधी कंपास जुळवून. तळाच्या आधाराने मोजताना लपलेली कंपासची चूक इथे थेट आकड्यात उतरते. लोखंडी नांगर पुढचा मागे ठेवला तरी कंपास पुन्हा जुळवायचा.

जाता-येताच्या दोन फेऱ्यांची सरासरी काढू नका. तेवढ्यात पाणी बदललेलं असतं. प्रत्येक फेरी तिच्या मधल्या वेळेवर मांडा. चोडणच्या बाजूला खारफुटीपुढचा चिखल सुकतीत उघडा पडतो, तेव्हा होडीपासून काठाचं अंतर दर फेरीला नव्याने मोजून भरा.