त्यांच्यात घेतलं म्हणे

चंपाषष्ठी, रात्री उशिरा

भाचा काल हॉस्टेलवरून आला. डोक्याचा झिरो कट, नुकतं फुटलेलं मिसरूडही गायब. ताईला म्हणाला, सगळेच करतात. आज शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होतो, तेव्हा माझ्याजवळ बोलला.

रात्री अकरानंतर सिनिअर्सच्या खोलीत 'इंट्रो' असतो. मान खाली, नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर, प्रत्येकाला 'सर' म्हणायचं. याला तर टेबलावर उभं करतात आणि अहिराणीत बोलायला लावतात. 'घरी आईशी फोनवर कसा बोलतोस ते करून दाखव.' हा बोलतो, खोली हसते. पहाटेपर्यंत दुसऱ्यांची जर्नल्स लिहायची ती वेगळीच.

सांगताना त्याचा चेहरा पडलेला असता तर मला एवढी धास्ती वाटली नसती. पण त्याच्या आवाजात अभिमान होता. "मावशी, हे रॅगिंग नाही गं. फ्रेशर्स पार्टीपर्यंतच चालतं. नंतर तेच नोट्स देतात, प्लेसमेंटला मदत करतात. जे जात नाहीत त्यांच्याशी बॅच बोलतच नाही. माझं तर नावही पाडलंय त्यांनी, खान्देश. बाकीच्यांना ते नुसतं 'ए' म्हणतात."

संध्याकाळी आजीने विचारलं, "काय करी राह्यना रे भाऊ?" त्याने तिला पुस्तकी मराठीत उत्तर दिलं. आजी त्याच्याकडे बघतच राहिली.

मला आपल्या जळगावच्या पायल तडवीची आठवण येते. आदिवासी तडवी समाजातली मुलगी, मुंबईत स्त्रीरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ ला तिने हॉस्टेलच्या खोलीत जीव दिला. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर जातीवरून छळल्याचे आरोप झाले, खटला उभा राहिला. तिची आई आबेदा तडवी, २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठात जीव दिलेल्या रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला यांच्याबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेली, कॉलेजांमधल्या जातिभेदाविरुद्ध. त्या माउलीबद्दल मला फार आदर वाटतो. भाच्याचं प्रकरण त्या थराला गेलेलं नाही, हे मला कळतं. पण कुणाच्या जातीवरून, कुणाच्या बोलीवरून, कुणाच्या गावावरून त्याला खाली बघायला लावण्याची सवय एकाच मुळातून येते असं मला वाटतं.

कायदा आहे, आणि जुना आहे. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ चा, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. मार्च २००९ मध्ये हिमाचलमधल्या मेडिकल कॉलेजात अमन काचरू हा विद्यार्थी सिनिअर्सच्या मारहाणीनंतर दगावला. त्याच वर्षी यूजीसीचे नियम आले, हेल्पलाइन आली. मुलाने आणि पालकाने, दोघांनी हमीपत्र भरायचं असतं. भावजींनीही ते भरलंय. पण ते भरणाऱ्या पोराला त्या खोलीत बसायला जागा हवी आहे, आणि ती कुठल्या कागदाने मिळत नाही. नव्या गावात, नव्या बोलीत, जेवणाच्या टेबलावर एकट्याने ताट घेऊन बसायची भीती किती मोठी असते! सिनिअर्स तीच भीती वापरतात. आणि पुढच्या वर्षी हाच पोरगा, 'आम्हीही सोसलंय' म्हणत दुसऱ्या कुणाला टेबलावर चढवेल. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे.

अमेरिकेत फ्रॅटर्निटी म्हणून मुलांच्या संघटना असतात, पुष्कळ ठिकाणी त्यांची स्वतःची घरंही. फेब्रुवारी २०१७ मध्ये पेन स्टेट विद्यापीठात टिमोथी पियाझा हा एकोणीस वर्षांचा मुलगा अशाच एका घरात सामील व्हायला गेला. त्याला भराभर दारू पाजली, तो तळघराच्या जिन्यावरून पडला, आणि सोबतच्यांनी मदतीला फोन केला तो जवळपास बारा तासांनी. तो वाचला नाही. ज्यांचा भाऊ व्हायला तो गेला होता, तेच रात्रभर त्याच्या अवतीभवती होते.

आज आमच्या शेतात पुण्याहून आलेला एक पाहुणा मुलगा होता, चुलत दिराच्या मित्राचा. कुणाशी ओळख नाही. गावातल्या पोरांनी त्याला काय विचारलं? "वांगी सोलशील का?" हात पोळले, तसं एकाने पाण्याचं भांडं पुढे केलं. मग बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, भरीत ठेचायला त्याचाही नंबर लागला, आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या वाढायला बसेपर्यंत तो त्यांच्यातला झाला होता. मिरचीने डोळ्यांत पाणी आलं तेव्हा सगळे हसले, पण त्या हसण्यात तोही होता. नवख्याला आपल्यात घ्यायला त्याला आधी वाकवावं लागत नाही, हे आमच्या पोरांना कुणी शिकवलेलं नाही, तरी येतं. भाचाही त्यांच्यातच वाढला.

हेच त्याला जेवणानंतर बोलले. चिडला. "तू तक्रार केलीस तर मी तिथे संपलो." मी त्याला सांगितलं की हेल्पलाइनवर नाव गुप्त ठेवता येतं, नंबर १८००-१८०-५५२२. हेही सांगितलं की त्याच्या खोलीतले दुसरे दोघेही बहुधा असंच समजून गप्प असतील, तिघांनी मिळून आज एवढंच ठरवावं की रात्री अकराला दार उघडायचं नाही. त्यावर तो काही बोलला नाही, पण उठूनही गेला नाही.

मंगळवारी परत जायचंय त्याला. तोवर त्याने ठरवावं. नाही ठरवलं, तर ताई आणि भावजींना सगळं सांगून मी त्यांच्याबरोबर कॉलेजात जाणार आहे. तसं त्याला तोंडावर सांगितलंय.