घड्याळातल्या कॅलरी आणि जळगावचा मे महिना

मनगटावर स्मार्टवॉच आलं की माणूस पंधरा दिवसात कॅलरीत बोलायला लागतो. आमच्या मेहरूण तलावाच्या सकाळच्या ग्रुपमध्ये आता तेच चालू आहे, चालून झालं की सगळे मनगट वर करून बघतात, आणि अमळनेरकडचे एक भाऊ आहेत ते तर लांबूनच ओरडतात, "ताई, मना घड्याळमा आज साडेपाचशे दखाडी ऱ्हायनं!" त्यांचा उत्साह मला खरंच आवडतो. फक्त त्या साडेपाचशेच्या भरवशावर संध्याकाळी शेवभाजीसोबत दोन पाव जास्त जातात, किंवा आमच्यातल्या एका वहिनींसारखं उलटं होतं, आकडा कमी दिसला की रात्रीची भाकरीच बंद, आणि मग सकाळी चक्कर येते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे क्लिअर करू की घड्याळ मोजतं काय. मागच्या बाजूला हिरवा लाईट असतो ना, तो कातडीत शिरतो, रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, हृदयाचा ठोका पडला की मनगटात रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश कमी होतो, की तो झाला एक ठोका. म्हणजे घड्याळ मोजतं पल्स, आणि बसल्या बसल्या किंवा सायकलवर ती बऱ्यापैकी बरोबर मोजतं. कॅलरी ते मोजतच नाही. कॅलरीचा अंदाज काढतं.

हा फरक किती मोठा आहे ते २०१७ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठवाल्यांनी दाखवलं होतं. ६० माणसं, ७ वेगवेगळी उपकरणं, कोणी ट्रेडमिलवर चाललं-पळालं, कोणी सायकल मारली. ७ पैकी ६ उपकरणांची पल्सची चूक ५ टक्क्यांच्या आत होती, जे छानच आहे. पण कॅलरीत सगळ्यात चांगलं उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट होतं ते ९३ टक्के! ती मॉडेलं आता जुनी झाली हे मान्य. पण त्यात अजून एक गोष्ट निघाली जी आपल्याशी फार संबंधित आहे, ती म्हणजे सावळ्या कातडीवर, जास्त वजनाच्या माणसांत आणि चालताना चूक जास्त येत होती. आता आमचा अख्खा ग्रुप डोळ्यासमोर आणा, सगळे सावळे, निम्मे वजन कमी करायला आलेले, आणि सगळे चालणारेच.

चूक येते कुठून? शरीर कॅलरी जाळतं ते ऑक्सिजन वापरून, एक लिटर ऑक्सिजन वापरला की साधारण ५ कॅलरी. प्रयोगशाळेत तोंडाला मास्क लावून माणूस किती ऑक्सिजन घेतो आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडतो ते मोजतात, तो खरा आकडा. घड्याळाकडे मास्क नाही. ते म्हणतं, ठोके वाढले म्हणजे ऑक्सिजन जास्त लागत असेल. मध्यम व्यायामात एका ठराविक माणसापुरतं हे बऱ्यापैकी खरंही आहे. पण शरीराला मिळणारा ऑक्सिजन तीन गोष्टींवर ठरतो, मिनिटाला ठोके किती, एका ठोक्यात हृदय रक्त किती ढकलतं, आणि त्या रक्तातून स्नायू ऑक्सिजन किती काढून घेतात. घड्याळाला दिसते फक्त पहिली. रिक्षाच्या इंजिनाचा आवाज ऐकून पेट्रोल किती गेलं सांगण्यासारखं आहे हे, चढ आहे का सवाऱ्या किती बसल्यात काही माहीत नसताना.

एक उदाहरण आकड्यांनीच करून बघू. कंपन्या आपली सूत्रं उघड सांगत नाहीत, पण केपटाऊनच्या संशोधकांचं २००५ चं एक सूत्र प्रसिद्ध आहे, इंटरनेटवरचे पुष्कळ कॅल्क्युलेटर तेच वापरतात. त्यात वय, वजन आणि पल्स टाकायची. समजा पुरुष, वय ४०, वजन ७५ किलो, ४५ मिनिटं चालला, पल्स सरासरी १२०. सूत्र म्हणतं साधारण ४७० कॅलरी. आता तोच माणूस ताशी ५ किलोमीटरने चालत होता असं धरून वेग आणि वजनावरून हिशोब केला तर २०० च्या आसपास येतात. दुपटीपेक्षा जास्त फरक! कारण सवय नसलेल्या माणसाची पल्स साध्या चालण्यातही १२० ला जाते, आणि सूत्राला वाटतं हा चांगलाच जोर लावतोय. त्याच्या शेजारी त्याच वजनाचा, रोज पळणारा पोरगा त्याच वेगाने चालला तर त्याची पल्स ९५ असेल आणि घड्याळ त्याला कमी कॅलरी देईल. प्रत्यक्षात दोघांनी सारखंच वजन सारख्याच अंतरावर नेलेलं असतं, खर्च जवळजवळ सारखाच. म्हणजे दम लागला म्हणून चरबी जास्त जळली असं होत नाही हो. (काही चांगली घड्याळं तुमचा फिटनेस ओळखून आकडा सुधारायचा प्रयत्न करतात, त्यांना थोडे दिवस वापरल्यावर जरा बरं जमतं.)

आणि आता आपला खरा विषय, ऊन.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो, भुसावळकडे तर विचारूच नका, आणि संध्याकाळी सातला निघालं तरी डांबरी रस्ता खालून भाजत असतो. अशा वेळी शरीराला दोन कामं एकदम करायची असतात, पायांना रक्त द्यायचं आणि अंग थंड ठेवायला कातडीकडेही रक्त पाठवायचं. त्यात घाम जाऊन रक्तातलं पाणी कमी झालेलं, त्यामुळे एका ठोक्यात कमी रक्त ढकललं जातं आणि ती कसर भरून काढायला हृदय ठोके वाढवतं. वेग तोच, अंतर तेच, पल्स मात्र सहज १०-१५ ने वर. वरच्याच माणसाची पल्स १२० ऐवजी १३५ धरली की सूत्र ४७० वरून ५७० वर जातं. हे १०० म्हणजे एका मध्यम केळ्याएवढ्या कॅलरी झाल्या, आणि त्या चालण्याने जळलेल्याच नाहीत, तो नुसता उन्हाचा आकडा आहे. म्हणून डिसेंबरच्या थंडीतला आकडा आणि मेचा आकडा एकाच ॲपमध्ये शेजारी ठेवून "उन्हाळ्यात वजन लवकर उतरेल" असं म्हणणाऱ्यांची मला काळजी वाटते. उन्हाळ्यात चालून आल्यावर काट्यावर जे कमी दिसतं ते पाणी असतं, माठातलं दोन तांबे प्यायलं की परत येतं, आणि यायलाच पाहिजे.

हाताच्या कामात तर वेगळाच गोंधळ. माझ्या जाऊबाईंच्या हातात कापूस वेचायला जाताना मी घड्याळ बांधलं होतं. दिवसभर वाकून वेचणी, कमरेला ओटी भरलेली, आणि घड्याळाला पावलं फार दिसली नाहीत म्हणून त्याने दिवस जवळजवळ आरामाचा धरला. रावेरकडे केळीचे घड खांद्यावरून वाहणाऱ्या माणसाचंही तसंच, मूठ घट्ट आवळली की मनगटातलं रक्त नीट वाचता येत नाही आणि पल्स भलतीच दिसते. शिवाय तेवढ्याच ऑक्सिजनसाठी हाताच्या कामात पल्स पायाच्या कामापेक्षा जास्त असते, म्हणजे वाचली तरी हिशोब पुन्हा चुकतो. जिममध्ये वजन उचलणाऱ्या पोरांनीही हे ध्यानात ठेवावं.

आमच्या ग्रुपमधले नाना बीपीसाठी बीटा ब्लॉकर घेतात. ती गोळी पल्स वर जाऊच देत नाही, त्यामुळे सगळ्यात वेगाने चालूनही त्यांच्या घड्याळात सगळ्यात कमी कॅलरी, आणि बाकीचे त्यांना "नाना, जरा पाय उचला" म्हणतात. पल्स वर जावी म्हणून त्यांनी अजून जोर लावणं हे मला अजिबात पटत नाही. अशा गोळ्या चालू असतील तर किती पल्सपर्यंत जायचं ते डॉक्टरांनीच ठरवायचं, जास्तीत जास्त पल्स काढायचं २२० वजा वय हे गणित तिथे लागू होत नाही.

छातीचा पट्टा घेऊ का असं पण खूप जण विचारतात. पट्टा हृदयाचे विजेचे सिग्नल वाचतो, मनगटापेक्षा पल्स नक्कीच चांगली देतो, इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू असा व्यायाम) करणाऱ्यांनी जरूर घ्यावा. कॅलरीसाठी घेणार असाल तर पैसे घालवू नका, कारण पल्स अचूक झाली तरी पुढचा अंदाज अंदाजच राहतो.

तरी घड्याळ वापरायचं असेलच, आणि वापराच, तर आधी ॲपमध्ये आपलं आत्ताचं वजन, वय, उंची खरी टाका, मनगटाच्या हाडाच्या जरा वर घट्टसर बांधा, आणि दाखवलेला आकडा टोटल आहे का ॲक्टिव्ह (फक्त हालचालीचा) ते बघा, कारण ७५ किलोचा माणूस नुसता बसून राहिला तरी तासाला साधारण ७५ कॅलरी जाळतोच, त्या टोटलमध्ये धरलेल्या असतात. जेवण त्या आकड्यावरून वाढवू नका, कमीही करू नका. मी स्वतः स्क्रीनवरून कॅलरी काढून टाकल्यात, तिथे वेळ आणि पल्स ठेवलीय. तलावाच्या त्याच फेरीला त्याच वेगात पल्स महिन्याभरात खाली आली की मला कळतं हृदय सुधारतंय, फक्त ही तुलना सारख्या हवेतल्या दिवसांचीच करायची, मेच्या दिवसाची मेच्या दिवसाशी. वजनासाठी दर रविवारी सकाळी उपाशीपोटी काटा. वहिनींना पण तेच सांगितलंय, आणि रात्रीची कळण्याची भाकरी त्यांनी पुन्हा चालू केलीय.