क्षमा करायची घाई नको

चर्चमध्ये दुखावलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो हाच: "क्षमा कर आणि उपासनेला येत जा." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. पण ज्याचा 'नाही' म्हणायचा हक्कच हिरावला गेला, त्याच्यासाठी हा आणखी एक हुकूम ठरतो.

हा हक्क हिरावला कसा जातो, ते अमेरिकेतल्या शेफर्डिंग चळवळीत स्पष्ट दिसतं. १९७० च्या दशकात फ्लॉरिडातल्या फोर्ट लॉडरडेलमध्ये बॉब ममफर्ड, डेरेक प्रिन्स, चार्ल्स सिम्पसन, डॉन बॅशम आणि अर्न बॅक्स्टर या पाच जणांनी शिकवलं की प्रत्येक विश्वासणाऱ्याला एक वैयक्तिक मेंढपाळ हवा. नोकरी, घर, लग्न, सगळं त्याला विचारून होऊ लागलं. अनेक ठिकाणी दशमांश, म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा, तोही त्याच्याच हाती. सुरुवात शिष्यत्वाच्या खऱ्या तळमळीतून झाली होती. बिघडलं कारण खालच्याने वरच्याला जाब विचारायची सोयच नव्हती. ममफर्ड यांनी १९८९ मध्ये जाहीर क्षमा मागितली. 'आच्छादन', म्हणजे प्रत्येकावर वरच्याच्या अधिकाराचं छत्र हवंच, ही कल्पना मात्र उरली, आणि आपल्याकडच्या काही स्वतंत्र मंडळ्यांत (चर्चमध्ये) पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, नावाने ऐकू येते: "पाळकांचं आच्छादन सोडलंस तर शाप लागेल."

हत्यार बहुधा बायबलमधल्या वचनाचंच असतं. 'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका' हे स्तोत्र १०५ मधलं वाक्य प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडावर फेकलं जातं. त्याच्या आधीच्या ओळी वाचा. तिथले अभिषिक्त म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब आणि त्यांची माणसं: संख्येने थोडी, परकी, या देशातून त्या देशात भटकणारी. दटावलं आहे ते राजांना! दुबळ्यांना जपणारं वचन सत्तेच्या राखणीला जुंपलं गेलं, याचा मला मनापासून संताप येतो. तक्रार केली की इब्री १२ मधलं 'कडूपणाचं मूळ' काढलं जातं, म्हणजे दोष तुझ्याच मनातल्या कडवटपणाचा. अपराध करणाऱ्याला आधी एकांतात भेट, असं सांगणारं मत्तय १८ दाखवून पीडितेला एकटीने पाळकांना भेटायला लावणं तर सर्वांत धोक्याचं. अशा भेटीत तिच्या बाजूने साक्षीदार नसतो आणि बाहेर येते ती फक्त पाळकांची बाजू.

बरं होण्याची सुरुवात अंतर ठेवण्यापासून होते. काही महिने चर्चला गेलं नाही तर तारण जात नाही. प्रार्थनेला बसताच श्वास कोंडणं, एखादं गीत ऐकून हात थरथरणं, याचा विश्वास कमी पडण्याशी संबंध नाही. शरीराला धोका आठवत असतो. काय घडलं ते तारीख, बोललेले शब्द आणि वापरलेलं वचन यांसह लिहून ठेवा. व्हॉट्सअॅप ग्रुप सोडण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करा. समुपदेशक त्या मंडळीच्या बाहेरचा निवडा, नाहीतर तुमचं बोलणं रविवारपर्यंत पाळकांच्या कानावर जाईल. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. ज्या वचनांनी मारलं ती सध्या बाजूला ठेवा. काही वाचावंसं वाटलं तर स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी स्तुती करायला लावत नाही.

क्षमा एकट्याने करता येते. समेटाला मात्र समोरच्याची कबुली लागते, वागण्यातला बदल लागतो, गरज असेल तिथे त्याने पद सोडावं लागतं. दोन्ही एकच मानल्यामुळे कित्येक जण पुन्हा त्याच माणसाच्या हाताखाली गेले.

लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर मंडळीच्या समितीची वाट पाहू नका. बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ या बालकांसाठीच्या हेल्पलाइनवरही मदत मिळते. पैशाचा प्रश्न असेल आणि चर्च नोंदणीकृत विश्वस्त संस्था असेल, तर महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करता येते.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि थोड्याच काळात तिथल्या आपल्या मार्गदर्शक जोगीण सिस्टर जेराल्डिन यांना पत्रातून ठणकावलं की एका पुरोहितशाहीचं जू उतरवलं ते दुसरं मानेवर घ्यायला नव्हे. त्या आयुष्यभर ख्रिस्ती राहिल्या.

नवी मंडळी शोधताना हिशेब सभासदांना दाखवतात का ते विचारा, पाळकांविरुद्धची तक्रार कोण ऐकतं तेही. मग सोडून गेलेल्यांविषयी विचारा, आणि त्यांची नावं तिथे कोणत्या सुरात घेतली जातात ते ऐका.